रंग, पेशी आणि व्रणरोपण : कोलशेतच्या निमित्ताने एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
जखम भरून येणे ही मानवाच्या नित्य अनुभवातील घटना असली तरी तिचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. प्रस्तुत शोधनिबंधात प्रतिकारपेशी व संयोजी ऊतीतील पेशी यांचे व्रणरोपणातील कार्य मानवाला कसे उमगत गेले, या ज्ञानप्रवासात महाराष्ट्राचा सहभाग कोणता आणि ठाणे शहरातील कोलशेत या औद्योगिक गावाशी या इतिहासाचा संबंध कसा पोहोचतो याचा शोध घेतला आहे. उपचार हे ज्ञानाच्या आधी अस्तित्वात होते. मात्र ज्या उपचारांची नोंद झाली तेच टिकून राहिले, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : व्रणरोपण, भक्षकपेशी, तंतुजनक पेशी, कोलॅजन, कोलशेत, हळद, नोंद.

प्रस्तावना :
ठाणे शहराच्या उत्तरेस उल्हास नदीच्या खाडीकाठी कोलशेत हे गाव वसले आहे. मासेमारी, भातशेती आणि रेती ही या गावाची जुनी ओळख. स्वातंत्र्योत्तर काळात ठाणे परिसरात रासायनिक उद्योगांची वाढ झाली तेव्हा सँडोझ आणि बायर या दोन नामांकित युरोपीय कंपन्यांचे कारखाने कोलशेत रस्त्यावर उभे राहिले. सँडोझचा रसायन विभाग १९९५ मध्ये क्लॅरियंट या नावाने स्वतंत्र झाला. पुढे हे कारखाने बंद पडून त्यांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिली. खाडी, कारखाना आणि गृहसंकुल अशी तीन युगे या गावाने दोन-तीन पिढ्यांत पाहिली.

या तीनही युगांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे श्रम करणाऱ्या हातापायांना होणाऱ्या जखमा. जाळे ओढताना कापलेला तळवा, कालवाच्या शिंपल्याने चिरलेली टाच, कारखान्यात भाजलेला हात, बांधकामावर खिळा रुतलेला पाय. प्रस्तुत अभ्यासकाने वर्गात इतिहासलेखनाची साधने शिकविताना कोलशेत, बाळकूम, ढोकाळी या भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना एकदा सहज विचारले की, घरी जखमेवर काय लावतात? हळद, चुना, कात, कॉफीची भुकटी अशी उत्तरे तत्काळ आली. मात्र जखम प्रत्यक्षात भरते कशी, या प्रश्नावर वर्ग शांत राहिला. अभ्यासकाजवळही त्या वेळी समाधानकारक उत्तर नव्हते. प्रस्तुत शोधनिबंधाची प्रेरणा त्या शांततेत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१. व्रणरोपणाविषयीच्या पारंपरिक विचाराचे स्वरूप समजून घेणे.
२. प्रतिकारपेशी व संयोजी ऊतीतील पेशींच्या शोधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३. या इतिहासातील महाराष्ट्राच्या सहभागाचा व कोलशेतशी असलेल्या संबंधाचा शोध घेणे.
४. ज्ञान आणि नोंद यांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे. वैद्यकशास्त्रातील उपचारांची शिफारस करणे हा या लेखाचा हेतू नाही.

परंपरेतील व्रणविचार :
सुश्रुतसंहितेत व्रणाचा विचार अत्यंत तपशिलाने आढळतो. दूषित झालेला दुष्ट व्रण, स्वच्छ झालेला शुद्ध व्रण, भरू लागलेला रुह्यमान व्रण आणि पूर्ण भरलेला रूढ व्रण अशा अवस्था तेथे सांगितल्या असून व्रणचिकित्सेचे साठ उपक्रम दिले आहेत. त्यांत शोधन म्हणजे जखम स्वच्छ करणे आणि रोपण म्हणजे ती भरून आणणे हे दोन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. आधी शोधन आणि मग रोपण हा क्रम त्या काळच्या वैद्यांनी केवळ निरीक्षणाच्या बळावर ओळखला होता. आधुनिक पेशीविज्ञानानेही पुढे हाच क्रम निराळ्या भाषेत मांडला.

या परंपरेचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक पुरावा पुण्याचा आहे. इंग्रज सैन्यासोबत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या नियतकालिकाने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत चित्रासह प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सक अशा शस्त्रक्रियेचे साक्षीदार होते. मेणाचा साचा करून तो कपाळावर ठेवणे, त्या आकाराची त्वचा सोडवून दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी शिल्लक ठेवणे, ती त्वचा फिरवून खाली आणणे आणि टाके न घालता काताच्या लेपाने सांधा धरून ठेवणे, अशी ही पद्धत होती. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली जाई.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ही पट्टी तोडण्याची घाई केली जात नव्हती. नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत त्वचेला जुन्या जागेतून रक्त मिळत राहिले पाहिजे, हे त्या कारागिराला अनुभवाने ठाऊक होते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या वृत्तात रुग्णाचे नाव आहे, परंतु शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव नाही. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. त्याचे नाव शल्यशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले. पुण्याचा कारागीर मात्र आपल्या जातीच्या उल्लेखापुरताच उरला.

रंगांमुळे दिसू लागलेल्या पेशी :
योगायोग असा की, त्याच १७९४ या वर्षी इंग्रज शल्यशास्त्रज्ञ जॉन हंटर याचा रक्त, दाह व बंदुकीच्या जखमा यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. दाह हा स्वतः रोग नसून इजेला शरीराने दिलेला प्रतिसाद आहे, असे हंटरने प्रतिपादन केले. परंतु हा प्रतिसाद देणारे घटक कोणते, हे त्याला दिसणे शक्य नव्हते. पेशी मुळात जवळजवळ पारदर्शक असतात. त्या दिसण्यासाठी रंगांची आवश्यकता होती.

ते रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी व स्वित्झर्लंडमधील कृत्रिम रंगांच्या उद्योगाने पुरविले. पॉल एर्लिख या तरुण जर्मन संशोधकाने डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीन रंगांनी ऊती रंगविल्या. १८७८ च्या आपल्या प्रबंधात त्याने संयोजी ऊतीतील दाणेदार पेशींचे वर्णन केले व त्यांना मास्ट पेशी हे नाव दिले. पुढे याच तंत्राने त्याने पांढऱ्या रक्तपेशींचे प्रकार वेगळे केले. तत्पूर्वी १८६७ मध्ये युलियस कोनहाइम याने बेडकावरील प्रयोगांतून पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून दाहाच्या जागी जमतात हे दाखविले होते. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भटक्या पेशींचा वेढा पडलेला त्याला दिसला. या पेशी परकीय वस्तू गिळतात, म्हणून त्यांना भक्षकपेशी म्हटले गेले. मेचनिकॉफ व एर्लिख यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या विचारपरंपरेचा मुंबईशी थेट संबंध आहे. ओडेसा येथील विद्यापीठात मेचनिकॉफचा विद्यार्थी असलेला वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या साथीच्या वेळी मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून ती संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रतिकारशक्तीचे आधुनिक शास्त्र मुंबईत असे साथीच्या वाटेने आले, जखमेच्या वाटेने नव्हे. राज्यसंस्थेला साथीची भीती होती. रोजच्या जखमा ही ज्याची त्याची खाजगी बाब मानली गेली.

जखम भरण्याची प्रक्रिया :
आजच्या ज्ञानानुसार जखम भरण्याच्या प्रक्रियेचे स्थूलमानाने चार टप्पे मानले जातात. इजा होताच बिंबाणू एकत्र येऊन रक्त गोठते. ही गुठळी छिद्र तर बुजवितेच, शिवाय बिंबाणूंतून सुटणारी द्रव्ये इतर पेशींना पाचारण करतात. मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जखमेच्या कडा लाल व गरम होतात. दुसऱ्या टप्प्यात काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंना गिळतात. आपण जखम पिकली असे म्हणतो तेव्हा दिसणारा पू हा बहुतांशी याच मृत पेशींचा साठा होय. दोन-तीन दिवसांत महाभक्षकपेशी येतात. त्या मृत पेशी व कचरा साफ करतात आणि पुढील बांधणीचे संदेशही देतात.

तिसरा टप्पा बांधणीचा. संयोजी ऊतीतील तंतुजनक पेशी, म्हणजेच फायब्रोब्लास्ट, जखमेत शिरून कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणतात. सोबत नव्या रक्तवाहिन्या फुटतात. लालसर, दाणेदार मांस दिसू लागते ते याच वेळी. याच पेशींचा एक प्रकार स्नायूप्रमाणे आकुंचन पावतो व जखमेच्या कडा जवळ ओढतो. जूलिओ गाबियानी व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या पेशींचे वर्णन केले. वरून त्वचेच्या पेशी सरकत येऊन जखम झाकतात. चौथ्या टप्प्यात आधी घाईने विणलेले कोलॅजन मोडून अधिक मजबूत कोलॅजन घातले जाते. हे काम वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालू राहते. तरीही वणाची मजबुती मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

यांपैकी कोणती पेशी अत्यावश्यक, हा प्रश्न अमेरिकेतील रसेल रॉस व सहकाऱ्यांनी गिनीपिगवरील प्रयोगांतून हाताळला. १९७२ च्या प्रयोगात न्यूट्रोफिल कमी करूनही जंतुरहित जखमा नेहमीप्रमाणे भरल्या. १९७५ च्या प्रयोगात महाभक्षकपेशी कमी केल्या तेव्हा मात्र कचरा साचून राहिला व तंतुजनक पेशी उशिरा आल्या. सफाई आणि बांधणी यांचा दुवा महाभक्षकपेशी आहेत हे यातून स्पष्ट झाले. शोधन व रोपण या जुन्या क्रमाला पेशींचा आधार मिळाला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

कोलशेतची दोन नावे :
कोलशेतच्या कारखान्यांची जी दोन नावे वर आली त्यांचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. बायर ही मुळात रंगांची कंपनी. तिच्या जर्मनीतील प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाक याने १९३२ मध्ये प्राँटोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा प्रयोग उंदरांवर केला व १९३५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुद्द त्याच्या मुलीला हातात सुई घुसून झालेल्या जंतुसंसर्गात याच औषधाने वाचविले. हे औषध काचनळीत निष्प्रभ ठरे, कारण शरीरात त्याचे विघटन झाल्यावरच त्यातील सल्फा द्रव्य मोकळे होई. सल्फा द्रव्ये जंतूंची वाढ रोखतात. उरलेले काम शरीराच्या भक्षकपेशीच पूर्ण करतात. औषध आणि पेशी यांचे हे सहकार्य होय.

सँडोझ हीदेखील स्वित्झर्लंडमधील बाझल येथील मूळची रंगांची कंपनी. तेथे नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे द्रव्य मिळाले आणि १९७२ मध्ये त्याचा प्रतिकारपेशींना शांत करणारा गुणधर्म लक्षात आला. अवयवरोपणाचे युग त्यामुळे खऱ्या अर्थाने सुरू झाले. ही औषधे कोलशेतमध्ये शोधली गेली असे येथे सुचवावयाचे नाही. कोलशेतचे कारखाने प्रामुख्याने रंग, शेतीची औषधे व अन्य रसायने यांचे होते. तथापि ज्या नावांच्या पाट्यांखालून येथील कामगारांच्या पाळ्या वर्षानुवर्षे आत-बाहेर करीत होत्या, त्या नावांमागे जखमेचा एवढा इतिहास होता याची जाणीव गावाला कोणी करून दिली नाही.

सायक्लोस्पोरिनची गरज का भासली, याचे उत्तर भाजलेल्या त्वचेत सापडते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर परक्याची त्वचा लावली असता ती काही दिवसांत गळून पडे. टॉमस गिब्सन व पीटर मेदावार यांनी १९४३ मध्ये दाखविले की, दुसऱ्यांदा तीच त्वचा लावल्यास ती अधिक वेगाने गळते. अर्थात हे प्रतिकारशक्तीचे काम होते. कावसजीचे नाक टिकले कारण त्वचा त्याची स्वतःची होती. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. तेथील मरणोत्तर दान केलेली त्वचा ही कायमची नसून तात्पुरते पांघरूण असते. रुग्णाच्या पेशी ती नाकारतात, परंतु तोवर जखम झाकली जाऊन जीव वाचण्याची शक्यता वाढते. कोलशेतहून खाडी उतरत गेल्यास लागणाऱ्या ऐरोली येथेही आज भाजलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र आहे.

बिघडलेले रोपण :
पेशी चुकतात तेव्हा काय घडते, याचा अभ्यास मुंबईत विशेषत्वाने झाला. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात महाभक्षकपेशी जंतू गिळतात, परंतु त्यांना मारू शकत नाहीत. १८९० मध्ये माटुंगा येथे स्थापन झालेले कुष्ठालय पुढे ॲकवर्थ रुग्णालय म्हणून प्रसिद्ध झाले. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगातील मज्जातंतूंच्या विकृतींचा पायाभूत अभ्यास केला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक होते. त्याच केंद्रात पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे हे तंत्र भारतात रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांचे कार्य केले. कुष्ठरुग्णाच्या पायाची जखम रोगामुळे मांस सडून होत नाही, तर बधिर पायाला इजा कळत नाही म्हणून चिघळते. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी अशा पायावरील दाब काढल्यास जखम भरते हे दाखविले. आज मधुमेहींच्या पायाच्या जखमांनाही हेच तत्त्व लागू पडते.

याच्या उलट स्थिती म्हणजे रोपण थांबतच नाही. मुंबईचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतू साचून तोंड उघडेनासे होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. टाटा रुग्णालयाचे जे. सी. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये त्याचा कर्करोगाशी संबंध दाखविला. सुपारीतील द्रव्ये तंतुजनक पेशींना सतत चेतवितात आणि तयार झालेले कोलॅजन मोडू देत नाहीत. जखम भरणाऱ्या याच पेशी येथे तोंड बंद करतात. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि सुपारीची सवय बंदीने संपलेली नाही. आमच्या वर्गांतील तरुणांच्या खिशातही ती आढळते, हे खेदाने नमूद करावे लागते.

हळद, मध आणि नोंद :
मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरण्याच्या गुणाबद्दल एकस्व देण्यात आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. घरोघरच्या आजीचा अनुभव हा येथे पुरावा ठरू शकला नाही. जुने ग्रंथ व १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख हे पुरावे ठरले. या अनुभवातूनच पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाची कल्पना पुढे आली.

महाराष्ट्रातील आणखी दोन उदाहरणे नोंदीचे महत्त्व दाखवितात. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध व चांदीयुक्त मलम यांची तुलना करून १९९१ मध्ये ती ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. मध लावलेल्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या. मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या मुलांसाठी वापरली व तिची शास्त्रीय नोंद केली. स्वस्त असलेली ही पट्टी जखम कोरडी पडू देत नाही. ओलसर राहिलेली जखम लवकर भरते हे जॉर्ज विंटर याने १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखविलेच होते. याउलट चुना, कॉफीची भुकटी यांसारखे उपाय जखमेत बाहेरचा कचरा घालतात व भक्षकपेशींचे काम वाढवितात. परंपरा म्हणून सर्वच स्वीकारणे आणि परंपरा म्हणून सर्वच नाकारणे ही दोन्ही टोके टाळावयास हवीत.

निष्कर्ष :
१. जखम भरण्याचे काम शरीरातील पेशी करतात. उपचार त्या कामातील अडथळे दूर करतात. सुश्रुतापासून आजपर्यंतचे यशस्वी उपचार या कसोटीला उतरतात.
२. पेशींचे ज्ञान रंगांच्या उद्योगामुळे शक्य झाले आणि त्याच उद्योगाची शाखा कोलशेतमध्ये वाढली.
३. महाराष्ट्रात प्रतिकारपेशींचा अभ्यास प्लेग, कुष्ठरोग व कर्करोग यांच्या अनुषंगाने झाला. श्रमिकांच्या दैनंदिन जखमा मात्र अभ्यासाच्या परिघाबाहेर राहिल्या.
४. ज्ञान असणे पुरेसे नाही, त्याची नोंद असावी लागते. पुण्याचा अनाम कारागीर आणि हळदीचा वाद ही त्याची दोन उदाहरणे होत.

समारोप :
कोलशेतचे कारखाने गेले, भातखाचरे त्याआधीच गेली. या गावात ज्यांनी खाडीवर, रेतीवर व कारखान्यांत आयुष्य घालविले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्या तळहातांवरील वण म्हणजे तंतुजनक पेशींनी विणलेल्या कोलॅजनच्या नोंदीच होत. जखम कोठे झाली, कोणी बांधली, काय लावले, किती दिवस मजुरी बुडाली, हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या मौखिक साक्षी त्यांच्या संमतीने व नावानिशी नोंदवून ठेवाव्यात, अशी प्रस्तुत अभ्यासकाची नम्र सूचना आहे. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव विचारावयाचे कोणाला सुचले नाही. निदान कोलशेतच्या बाबतीत तरी ती चूक पुन्हा होऊ नये.